सोलापूरच्या घरात पांढरा रंग: छतापासून खाली, जमिनीपासून तीन फूट वर

सोलापुरात पांढऱ्या खोलीची वाट लावणाऱ्या गोष्टी तीन: काळ्या मातीची धूळ, बोअरचं जड पाणी आणि एप्रिल-मेमधलं चाळिशीपार ऊन. धूळ आणि फरशी पुसायचं पाणी भिंतीला खालूनच लागतं. म्हणून पांढरा छतापासून सुरू करावा आणि जमिनीपासून तीन फुटांवर थांबवावा. त्याखाली करडा किंवा मातकट पट्टा, धुता येणाऱ्या रंगाचा. जुन्या घरांत भिंतीच्या पायाशी गेरूचा पट्टा असायचा, तो काही उगाच नव्हता. पट्टा नको असेल तर निदान चार इंची गडद स्कर्टिंग लावा.

आधी भिंत कोणती आहे ते बघा. बाळीवेस, साखर पेठेकडची दगड-मातीची जुनी भिंत असेल तर पुट्टी आणि प्लास्टिक पेंटच्या नादी लागू नका. अशा भिंतीत ओल येते-जाते. वरून तोंड बंद केलं की आत अडकलेली ओल पापुद्रे काढते. तिथे चुनाच हवा, आणि खालचा पट्टाही गेरूचाच.

एक किलो कळीच्या (न विरवलेल्या, खड्यांच्या) चुन्याला पाच लिटर पाणी लागतं. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, मग चुना थोडा थोडा सोडा. तो उकळतो आणि उडतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवा आणि पोरं लांब हवीत. चोवीस तास मुरू द्या, जाड्याभरड्या कापडातून गाळा. पाच लिटरला वीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, शेवटी दोन-तीन ग्रॅम नीळ. नीळ जास्त झाली की भिंत धुतलेल्या सदऱ्यासारखी निळसर दिसते. भिंत ओली करून पातळ तीन हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. ओला चुना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावरच पांढरा होतो. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच हाताला जाड थर देतो, आणि तोच थर पुढे सुटून पडतो.

जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये सिमेंटचं प्लास्टर असतं, तिथे पुट्टी ठीक. नवं प्लास्टर असेल तर निदान महिनाभर थांबा. शंका असल्यास फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून पाणी दिसलं तर अजून वेळ आहे. पांढरी पावडर फुटलेली असेल तर तो लोणा. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण क्षार पुन्हा आत मुरतात. गळती कुठून आहे ते शोधल्याशिवाय वर काहीही लावणं म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या डिस्टेंपरवरून तळहात फिरवा. हात पांढरा झाला तर ते सगळं खरवडूनच काढा.

काळ्या मातीवरच्या घरांना दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात, आणि पांढऱ्यावर त्या लांबून दिसतात. दरवर्षी उघडणारी भेग पुट्टीने भरली तर तीही फुटते. भेग व्ही आकारात रुंद करा, धूळ काढा आणि लवचीक अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा.

पुट्टीला किलोमागे साधारण साडेतीनशे ते चारशे मिली पाणी लागतं. पण पुडक्यावर वेगळं प्रमाण लिहिलेलं असेल तर तेच धरा. पाणी बोअरचं नको, गोडं घ्या. एका वेळी दोन तासांत संपेल एवढीच कालवा. उन्हाळ्यात कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते आणि ती भुकटी होऊन सुटते, म्हणून आधी भिंत ओलसर करा. दोन पातळ हात, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर ३२०. घासताना बल्ब भिंतीलगत धरून उजेड भिंतीला समांतर पडू द्या, उंचवटे लगेच दिसतात. मग प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत दारं-खिडक्या वगळून भिंती सुमारे ३८० चौरस फूट भरतात. दोन हातांना सहा लिटर धरा, छताला आणखी दोन. कामाला सोयीचे दिवस जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर, फेब्रुवारीअखेरपर्यंतचे. दिवाळीआधी रंगारी मिळाला तरी घाईत असतो.

पांढऱ्यात पोटभेद आहेत. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचं ऊन आधीच पिवळं असतं, तिथे किंचित निळसर किंवा करडा पांढरा बसतो. उत्तरेच्या खोलीत तोच थंड आणि उदास वाटतो. तिथे पिवळसर घ्या. चकचकीत रंग टाळा, दुपारी डोळे दिपतात. छताला मॅट आणि भिंतींना हलकी झाक पुरे. दिवे ३००० ते ४००० केल्व्हिनचे (हा आकडा दिव्याच्या खोक्यावर असतो; कमी तेवढा उजेड पिवळसर). ६५०० च्या ट्यूबखाली खोली दवाखाना वाटते. आणि आतला पांढरा खोली उजळ करतो, गार करत नाही. गारव्यासाठी पांढरा कोट गच्चीवर हवा.

जमीन पांढरी करू नका. शाहाबादी फरशी असेल तर उत्तम, तिचा करडा रंग पांढऱ्या भिंतीला उठाव देतो. दिवाणावर एकच गडद सोलापुरी चादर पुरते; दोन झाल्या की मयूरपंखी नक्षी एकमेकींशी भांडते. पडदे पांढऱ्या सुती कापडाचे, खिडकीच्या दुप्पट रुंदीचे, आणि शिवण्याआधी कापड भिजवून आटवलेले. जड पाण्याने पडदे आणि टर्किश टॉवेल राठ होतात, म्हणून शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी साधं व्हिनेगर घाला. त्यात क्लोरीनचं ब्लीच मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

उरलेल्या रंगातला अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर डब्याचा शेड आणि बॅच नंबर लिहून. पुढे डाग पडला तर तेवढ्यापुरता रंग लावू नका, ठिगळ दिसतं. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मारावी.