पिनियन निवडताना या चुका टाळा : खान्देशच्या उन्हात ब्रशलेस मोटर का जळते

"भाऊ, गाडी तं चांगली पयस, पन मोटर तपी जास."

मे महिन्यात पाचोऱ्याच्या एका पोराने आपल्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीबद्दल (आरसी कार) फोनवर सांगितलेलं हे वाक्य. म्हणजे गाडी चांगली पळते, पण मोटर तापते. पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं लहान दातेरी चाक, कोणतं आहे विचारलं, तर म्हणाला, जानेवारीत होतं तेच. तेव्हा मोटर ६८ अंशांवर थांबायची, मग आता काय बिघडलं? बिघडलं काहीच नव्हतं. जानेवारीत सकाळी हवा १८ अंश होती, म्हणजे मोटर हवेपेक्षा ५० अंश वर जात होती. मे महिन्यात दुपारी चारला आपल्याकडे हवाच ४४ असते. त्यात ५० मिळवा, ९४ झाले. शिवाय तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. त्यामुळे प्रत्यक्षात मोटर त्याच्याही पुढे जाते.

आपल्याकडे होणारी सगळ्यात महागडी चूक हीच. गाडीसोबत आलेला पिनियनचा तक्ता आपण बाराही महिने खरा मानतो. तो तक्ता बनवणाऱ्याने जळगाव-भुसावळचा मे पाहिलेला नसतो. तक्ता सुरुवात कुठून करायची ते सांगतो, कुठे थांबायचं ते तापमान सांगतं.

आधी हिशोब नीट समजून घेऊ, कारण अर्धे घोटाळे इथेच होतात. स्परचे (पिनियनला लागून फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीच्या गिअरबॉक्सचा आतला रेशो. हा झाला शेवटचा रेशो. समजा स्पर ८६, पिनियन १९ आणि आतला रेशो २.७२ आहे. उत्तर १२.३१. म्हणजे मोटर १२.३१ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. पिनियन मोठं केलं की हा आकडा लहान होतो, वेग वाढतो आणि ओढ कमी होते. "रेशो वाढव" असं कोणी म्हणालं, तर त्याला पिनियन मोठं करायचंय की आकडा मोठा करायचाय, हे विचारल्याशिवाय हात लावू नका. दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत, आणि ट्रॅकवर यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

मोटर ३५०० केव्हीची, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे मारणारी असेल आणि बॅटरी दोन सेलची म्हणजे ७.४ व्होल्टची असेल, तर भाराविना ती मिनिटाला २५,९०० फेरे मारते. ११० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर १२.३१ रेशोने तो वेग कागदावर ताशी सुमारे ४४ किलोमीटर येतो. जमिनीवर त्याहून कमीच मिळतो. हा हिशोब एकदा स्वतः वहीत करून पाहा, मग पुढचं सगळं सोपं जातं.

"मोठं पिनियन म्हणजे जोरदार गाडी"

चाळीसगावहून कन्नडचा घाट सायकलने मोठ्या गिअरमध्ये चढायला घ्या. पेडल हळू फिरतं, मांड्या भरून येतात, आणि निम्म्या वाटेवर उतरावं लागतं. मोटरचंही तसंच होतं. फिरणारी मोटर स्वतः उलट व्होल्टेज तयार करते आणि तेच करंटला अडवून धरतं. पिनियन मोठं झालं की ती वेग धरायला वेळ लावते. तेवढा वेळ हे उलट व्होल्टेज कमी राहतं आणि बॅटरीतून करंट धबधब्यासारखा येतो. वाइंडिंगमधली (मोटरच्या आतल्या तारेच्या वेढ्यांमधली) उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. म्हणून दोन दात वाढवल्यावर "थोडीच गरम" होईल ही समजूत धरू नका.

लांब सरळ पट्टा असलेल्या मुरमाड मैदानावर मोठं पिनियन शोभतं. कपाशी उपटलेल्या शेतात, जिथे दर आठ-दहा मीटरवर वळण आणि उखळलेली माती असते, तिथे गाडी सारखी थांबून पुन्हा उचलते. तिथे एक-दोन दात कमीच हवेत. काळ्या रानात नांगर धरलेला ट्रॅक्टर कोणत्या गिअरमध्ये चालतो, ते घरात शेती असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पिनियन बदलताना एका वेळी एकच दात बदला. १९ चं २० केलं तर रेशो १२.३१ वरून ११.७० होतो, जवळपास पाच टक्के फरक. तेवढाच फरक स्परने साधायचा तर चार दात कमी करावे लागतात. म्हणून मोठी उडी पिनियनने घ्या आणि बारीक जुळणी स्परने करा.

तापमान मोजण्यातली फसगत

कोरोनात घेतलेलं कपाळावर धरायचं थर्मामीटर इथे चालत नाही. ते माणसाचा ताप मोजण्यापुरतंच असतं, मोटरवर धरलं की नुसती चूक दाखवतं. कारखान्यात वापरतात तसं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. पण तेही चकचकीत ॲल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवतं, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि भोवतालची परावर्तित करतो. मोटरच्या डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि नेहमी त्यावरच मोजा. ५५ दाखवणारी मोटर टेप लावल्यावर ८० निघाली, असं माझ्याच गाडीत झालं, आणि तो आकडा पाहून माझी झोप उडाली.

गाडी थांबताच एकदा मोजा, मिनिटभराने पुन्हा मोजा. पंखा आणि वारा थांबल्यावर आतली उष्णता बाहेर येते आणि दुसरा आकडा बहुतेक वेळा जास्त असतो. पिनियन बदलल्यावर पहिली फेरी तीनच मिनिटांची ठेवा.

मी बाहेरून ८० अंशांची रेघ ओलांडत नाही आणि उन्हाळ्यात ७५ लाच गाडी उचलतो. साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमची ताकद गमावू लागतं. रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या चुंबकाच्या भागात, त्याहून वरची प्रत वापरतात, हे खरं. पण रोटर आणि वाइंडिंग डब्यापेक्षा जास्त तापलेले असतात, हेही तेवढंच खरं. चुंबक एकदा खचलं की मोटर मोकळी फिरवल्यावर आधीपेक्षा जास्त फेरे मारते. पोरं खूश होतात, मोटर "मोकळी" झाली म्हणतात. प्रत्यक्षात ओढ गेलेली असते आणि करंट वाढलेला असतो. त्यामुळे ती पुढच्या वेळी आणखी तापते. तेव्हा पिनियनशी खेळत बसू नका. रोटर बदला.

तीन सेल लावले, पिनियन तेच

व्होल्टेज दीडपट, वेगही कागदावर दीडपट. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो रेटायला लागणारी शक्ती घनाने, म्हणजे तिप्पट-साडेतीनपट. ७.४ वरून ११.१ व्होल्टला जाताना पिनियन निदान तीन-चार दात खाली आणा आणि तिथून वर चढा. टायर मोठे लावतानाही हेच. ९० मिलिमीटरच्या जागी ११० चे टायर म्हणजे पिनियनला हात न लावता गाडी २२ टक्के मोठ्या गिअरमध्ये गेली. मोटर बदलली तरी जुनं पिनियन पुढे चालवू नका. टर्न्स (वाइंडिंगमधले तारेचे वेढे) जितक्या कमी, तितके फेरे जास्त, आणि तितका रेशोचा आकडा मोठा लागतो. १७.५ टर्नवर चाललेलं पिनियन ५.५ टर्नवर लावणं म्हणजे मोटरचा बळी देणं.

मोटरच्या मागच्या झाकणावरचं टायमिंग (वाइंडिंगला वीज किती आधी मिळते ते) वाढवलं तर फेरे वाढतात आणि करंटही. टायमिंग आणि पिनियन दोन्ही एकाच दिवशी वाढवू नका. काय नडलं ते मग कळत नाही.

पिनियन लहान केलं, तरी तापते

मग दोष रेशोत नाही. आधी दातांची जुळणी पाहा. पिनियन आणि स्परच्या मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. तिच्यावर दातांच्या घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये. घट्ट जुळणी किंचाळते आणि मोटर तापवते. सैल जुळणी स्परचे दात खाते. नायलॉनचा स्पर तापल्यावर किंचित फुगतो, म्हणून सकाळी सहाच्या गारव्यात घट्ट बसवलेली जोडी अकराला रडू लागते. उन्हाळ्यात मी केसभर सैल ठेवतो.

दातांचं मापही तपासा. ४८ पिच आणि मॉड ०.६ डोळ्याला सारखे वाटतात, पण एकमेकांत बसत नाहीत. ४८ पिच म्हणजे मॉड ०.५३. तासाभरात स्परचा भुसा होतो. त्यानंतर चाकांचे बेअरिंग हाताने फिरवून पाहा. धुळीने जाम झालेलं एक बेअरिंगही मोटरवर जास्तीचा भार टाकतं.

गाडी सुटताना थरथरत असेल आणि मोटर सेन्सरची (रोटरची जागा ईएससीला सांगणारी) असेल, तर आधी सेन्सरची वायर हलवून पाहा. सेन्सरविना असेल, तर रेशोचा आकडा वाढवा, म्हणजे पिनियन लहान करा. मोटर गुणगुणते पण गाडी हलत नाही, तर पिनियनचा बारीक स्क्रू ढिला आहे. तो शाफ्टच्या सपाट बाजूवर बसवा आणि थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) थेंब टाका. पळता पळता गाडी एकदम मंदावली, तर ईएससी (मोटरला वीज देणारा आणि वेग ठरवणारा डबा) तापून बंद पडला की बॅटरी संपली, हे बॅटरीचं व्होल्टेज मोजून ठरवा. सेलमागे ३.२ च्या आसपास असेल तर बॅटरी संपली. ३.७ असेल तर ईएससीवर हात ठेवून पाहा, आणि पिनियन एक दात खाली आणा.

पहिला पाऊस पडून काळी माती भिजली की टायरला गाळ चिकटतो, चाकं जड होतात आणि त्यांचा व्यासही वाढतो. जूनमध्ये हवा गार झाली म्हणून पिनियन लगेच वाढवू नका. माती वाळून वरची पापडी धरेपर्यंत मे महिन्याचंच पिनियन राहू द्या.