सहकाऱ्यांसोबत गोधडी, कांथा आणि साशिको : हस्तकलेची बैठक कशी घ्यावी

कार्यालयातील सहकाऱ्यांना निरनिराळ्या प्रांतांच्या हस्तकलांची ओळख करून द्यायची असेल, तर एकाच दुपारी चार-पाच कला मांडण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये. त्या घाईत कोणाच्याच हाताला वळण लागत नाही आणि अर्धवट वस्तू टेबलाच्या खणात पडून राहतात. त्याऐवजी एकच टाका निवडावा आणि तो ठिकठिकाणी कसा घातला जातो ते हाताने करून पाहावे. सुरुवातीसाठी धावदोऱ्याइतका, म्हणजे सुई कापडातून खाली-वर नेत घातलेल्या साध्या सरळ टाक्याइतका, योग्य टाका दुसरा नाही. आपली गोधडी, बंगालचा कांथा आणि जपानचे साशिको या तिन्ही कला मुख्यतः त्यावरच उभ्या आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी जुने कापड वापरात ठेवण्याची गरज आहे.

सोलापुरात एकाच कार्यालयात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे असतात, म्हणून प्रत्येकाला घरातले जुने पांघरूण आणायला सांगावे. एकीची वाकळ, दुसऱ्याची कौदी आणि तिसऱ्याची बोंत शेजारी शेजारी पसरली, की टाक्यांची लांबी, ओळींमधले अंतर आणि कोपरे बसवण्याची रीत यांवर बोलणे आपोआप सुरू होते. वेगळे व्याख्यान लागत नाही.

साहित्य थोडे आहे : प्रत्येकी मऊ झालेल्या सुती साडीचे किंवा धोतराचे साधारण ३० सेंटिमीटरचे तीन चौकोन, भरतकामाच्या सुती दोऱ्याची लडी, लांब सुई आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे अंगुस्तान. आपल्या गावात मुबलक मिळतात म्हणून चादरीचे किंवा टॉवेलचे तुकडे आतल्या थराला घालू नयेत. टॉवेलच्या फासांत सुई अडकते आणि चादरीच्या जाड विणीतून ती ओढताना नवशिक्याची बोटे दुखून येतात.

खरी कसोटी थर जोडण्यात आहे आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण दोन टाचण्या लावून उरकतात. सुई पुढे सरकताना वरचे कापड किंचित पुढे ढकलत नेते. प्रत्येक ओळीत साचत गेलेला तो ढिलेपणा शेवटी कडेला जाड चुणी होऊन उभा राहतो आणि मग उसवण्यावाचून इलाज नसतो. मलाही ही गोष्ट हातात बसायला बराच काळ लागला, म्हणून येथे आग्रहाने सांगते. सर्वांत खालचा चौकोन चिकटपट्टीने टेबलावर ताठ बसवावा, पण ताणू नये. त्यावर उरलेले दोन चौकोन उभा धागा उभ्यावर आणि आडवा आडव्यावर येईल असे ठेवावेत आणि तळहाताने मध्यापासून कडेकडे सारखे करावेत. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मध्यातून आठही दिशांना लांब कच्चे टाके घालावेत आणि ते घालताना कापड उचलून हातात घेऊ नये. गोधडी कडेकडून आत शिवत नेण्याची रीत अनेक घरांत आहे. तीच रीत ठेवायची असली तरी कच्चे टाके मध्यातूनच सुरू करावेत, कारण बाहेरून आत येताना ढिलाईला निसटायला वाट नसते.

दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत असेल एवढाच घ्यावा. सुईवर चार-पाच टाके एकदम भरावेत, दोरा हलकेच ओढावा आणि प्रत्येक ओळ संपली की ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दोन्ही बाजूंना चोळून सैल करावी. साशिको करणारे ही चोळणी कधीच टाळत नाहीत. ओळ वळवताना ते मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा सैल वळसाही सोडतात, म्हणून त्यांचे कापड सपाट राहते. कांथ्यात मात्र जवळजवळ घातलेल्या ओळींनी कापडावर बारीक लहरी उठतात आणि त्या हव्याच असतात. लहर सगळीकडे सारखी असते, चुणी एका जागी गोळा होते. हा फरक बोट फिरवून प्रत्येकाला दाखवावा.

एवढे जमले की पुढचे सोपे आहे. ज्यांना गोधडी करायची आहे त्यांनी सरळ ओळी घालाव्यात, कांथा करणाऱ्यांनी मध्यभागी कमळ काढून त्याभोवती शिवत जावे आणि साशिको करणाऱ्यांनी निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने भौमितिक नक्षी घ्यावी. तीत रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे टाका न घालता मोकळी जागा ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत घामेजल्या हातांनी पांढरा दोरा मळतो, म्हणून सोलापुरात ही बैठक थंडीत घेणे उत्तम.

स्पर्धा आणि बक्षिसे ठेवू नयेत, कारण त्यामुळे आधीपासून शिवणाऱ्या मैत्रिणी पुढे निघून जातात आणि ज्यांनी कधी सुई धरली नाही ते पुरुष सहकारी कोपऱ्यात बसून राहतात. एका अनुभवी व्यक्तीशेजारी दोन नवखे बसवावेत. साहेबांनीही चौकोन घेऊनच बसावे, नुसती पाहणी करू नये.

दोन तासांत चौकोन पुरा होत नाही. तो घरी न्यायला द्यावा आणि सर्व ओळी शिवून झाल्याशिवाय कच्चे टाके उसवू नयेत, असे बजावावे. कडा शेवटी आत दुमडून शिवाव्यात. शेजारच्या कर्नाटकातले कसूती हे भरतकाम शिकण्याचा हट्ट कोणी ना कोणी धरतोच. पण ती गाठ न मारता, कापडाचे धागे मोजून घालावी लागते, म्हणून सगळ्यांचा धावदोरा सारखा पडू लागल्यावरच ती पुढच्या बैठकीसाठी घ्यावी.