एलएलएमला कॉन लॉ घेताय? मग सातवी अनुसूची जरा बाजूला ठेवा

पुण्यात एलएलबी करून अमेरिकेत एलएलएमला गेले तेव्हा कॉन लॉ (म्हणजे घटना कायदा) मी फुल कॉन्फिडन्समध्ये घेतला, म्हटलं आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीतली केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची घोकलेली माणसं आपण, इथे अजून वेगळं काय असणार. पहिल्याच मिड-टर्मला आपटले. काँग्रेसने (म्हणजे तिकडच्या संसदेने) एक कायदा केलाय तो टिकेल का, असा प्रश्न होता आणि मी बिनधास्त लिहून आले की हा विषय राज्यांकडे सोपवलेलाच नाही, सबब उरलेला अधिकार केंद्राचा. पेपरवर लाल पेनने एवढंच, "कुठल्या कलमाने?"

घोळ असा की आपल्याकडे 248 कलमाने उरलंसुरलं सगळं संसदेकडे जातं, आणि तिकडे बरोब्बर उलटं, 1791 च्या दहाव्या दुरुस्तीने ते राज्यांकडे नाहीतर लोकांकडे राहतं. राज्यसूची नावाचा प्रकारच नाही. त्यामुळे कायदा दिसला की "याला मनाई कुठे आहे" हे नंतर, आधी "काँग्रेसला हा अधिकार दिला कुणी" हे विचारायचं, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अमेरिकी घटनेच्या पहिल्या आर्टिकलच्या आठव्या सेक्शनमध्ये (काँग्रेसच्या अधिकारांची यादी) शोधायचं. ही सवय लागायला मला दोन महिने गेले, खोटं कशाला बोलू.

केसेस मात्र टॉपिकप्रमाणे नका वाचू, सालाप्रमाणे वाचा. 1819 ची मॅककुलक आधी (घटनेत बँक हा शब्दच नाही तरी काँग्रेसने काढलेली बँक चालली ती कशी), मग 1942 ची विकर्ड. ही माझी लाडकी. ओहायोतला फिल्बर्न नावाचा शेतकरी, त्याला फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याने गव्हाचा कोटा 11.1 एकर, त्याने पेरला 23 एकरात, दंड झाला 117 डॉलर 11 सेंट. तो म्हणे जास्तीचा गहू घरच्या कोंबड्या-गुरांना आणि घरच्या पिठाला, यात आंतरराज्य व्यापार (ज्यावर काँग्रेसला कायदा करता येतो) कुठे आला? कोर्ट म्हणालं, सगळ्यांनीच असं केलं तर बाजारातली मागणी पडेल, म्हणून आला. आमच्याकडे विदर्भातल्या काकांना फोनवर ही केस सांगितली तर ते म्हणाले, मग कोंबडीने दाणा टिपला तरी व्यापारच की!

हे वाचून वाटतं आता काँग्रेसला रान मोकळं, आणि मग येते 1995 ची लोपेझ. सॅन अँटोनियोत बारावीतला पोरगा शाळेत पिस्तूल घेऊन गेला, आणि 5-4 ने कोर्ट म्हणालं की शाळेजवळ बंदूक बाळगणं ही काही आर्थिक कृती नाही, सबब फेडरल कायदा रद्द. त्यानंतर 2005 ला रैच केसमध्ये घरी लावलेला गांजा पुन्हा व्यापारात बसवला. 2012 ला हेल्थ इन्शुरन्स: विमा घ्याच अशी सक्ती व्यापाराच्या नावाखाली नाही चालणार, पण न घेणाऱ्याला लावलेली रक्कम टॅक्स म्हणून चालेल. एकच कायदा, एका दारातून बाहेर आणि दुसऱ्यातून आत. कोल्ड कॉलला (वर्गात प्रोफेसर अचानक कुणालाही उभं करून विचारतात तो) हीच केस माझ्या वाट्याला आली आणि मी टॅक्सचं विसरले, तर तुम्ही विसरू नका.

आणि तिकडची बार म्हणजे वकिलीची परीक्षा देणार असाल तर एक गंमत. ऑब्जेक्टिव्ह प्रश्नात काँग्रेसच्या कायद्याला "पोलीस पॉवर" (पोलीस दल नव्हे, लोकांचं आरोग्य-सुरक्षा वगैरेंसाठी कायदे करायचा सर्वसाधारण अधिकार) हा पर्याय दिसला की आधी खोडा, कारण ती राज्यांची. फक्त प्रश्नात वॉशिंग्टन डीसी किंवा फेडरल जमीन असेल तर थांबून परत वाचा, तिथे तो अधिकार काँग्रेसला असतो, मी घाईत तिथेच एक मार्क घालवला होता.