फक्त स्पेसबार राहिला होता

देवगडला आमच्या आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी भाड्याच्या उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठतात. काळ्या स्क्रीनवर क्वेरी लिहायला बाबा तयार नाहीत, म्हणून पीएचपीमायअ‍ॅडमिन हे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन टाकायला घेतलं. इन्स्टॉल बिनबोभाट झालं, पण ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे पानच सापडेना! दोन तास अपाचे, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा वेबसर्व्हर, उलटापालटा केला. त्यात दोनदा लाइट गेली (वळवाचं वारं सुटलं की आमच्याकडे हे ठरलेलंच).

चूक निघाली अगदी क्षुल्लक. इन्स्टॉल होताना वेबसर्व्हर कुठला ते विचारलं जातं. तिथे ‘अपाचे२’वर नुसता रंगीत ठसा दिसतो, निवड झालेली नसते. स्पेसबार दाबून कंसात तारा उमटवायचा, मग टॅब, मग एंटर. मी थेट एंटर मारला होता. सुडो (मुख्य यूजरचे हक्क) लावून ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर पीएचपीमायअ‍ॅडमिन’ ही इन्स्टॉलचे प्रश्न पुन्हा विचारणारी कमांड चालवली, या खेपेला तारा उमटवला आणि पान उघडलं.

पण रूटने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या यूजरने, लॉगिन होईना. उबुंटूत मायएसक्यूएलचा रूट मुळात पासवर्डने नव्हे, ऑथ सॉकेटने, म्हणजे सर्व्हरवर कोण लॉगिन आहे त्यावरून, ओळखला जातो. त्याला हात न लावता बाबांसाठी वेगळा यूजर केला आणि फक्त ऑर्डरींच्या डेटाबेसचे हक्क दिले. पानाचा नेहमीचा पत्ताही बदलला, कारण घुसायला वाट शोधत फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) आधी तोच ठोठावतात. बाबा आता पेट्या स्वतःच मोजतात, आणि माझ्या चुकाही.