ऐतिहासिक बंदरांची क्रूझ सहल कशी आखावी

क्रूझच्या जाहिरातीत बंदरांची नावे मोठ्या अक्षरांत छापलेली असतात आणि जहाज तेथे किती तास थांबणार हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिलेले असते. जुनी बंदर-शहरे पाहण्यासाठीच क्रूझ घ्यायची असेल, तर वाचनाची सुरुवात त्या बारीक अक्षरांपासून करावी. जहाजावरील पोहण्याचे तलाव, नाट्यगृहे आणि उपाहारगृहे यांचा विचार नंतर केला तरी चालतो. भूमध्य समुद्र आणि त्याचा एड्रियाटिक फाटा येथे अशी शहरे दाटीने वसलेली आहेत, म्हणून पुढील उदाहरणे मुख्यतः त्याच भागातील घेतली आहेत.

पहिली पायरी: तास आणि अंतर मोजणे

वेळापत्रकात ‘सकाळी ८ ते सायंकाळी ५’ असे लिहिलेले असेल, तर हाती नऊ तास आहेत असे समजू नये. जहाज धक्क्याला लागल्यावर बंदर अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत उतरता येत नाही, आणि निघण्याच्या साधारण अर्धा ते एक तास आधी सर्व प्रवाशांनी परत जहाजावर असणे बंधनकारक असते. त्यामुळे प्रत्यक्षात सात-साडेसात तास उरतात. त्यातून धक्का ते जुने शहर हा जाण्यायेण्याचा वेळ वजा करावा.

खरा फरक येथेच पडतो. वेळापत्रकात ‘रोम’ असते, पण जहाज लागते चिविताव्हेक्कियाला, आणि तेथून रोम सुमारे ७० ते ८० किलोमीटर दूर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, म्हणजे पुन्हा एका बाजूने सुमारे ९० किलोमीटर. अथेन्सचे बंदर पिरेयस तुलनेने जवळ, सुमारे १० किलोमीटरवर असून तेथून मेट्रो मिळते. इफेसससाठी तुर्कस्तानातील कुशादासी येथे उतरून सुमारे २० किलोमीटर जावे लागते. गंमत अशी की इफेसस हे स्वतःच एके काळी गजबजलेले बंदर होते, परंतु नदीच्या गाळाने शतकानुशतके किनारा पुढे सरकवला आणि आज त्याचे अवशेष समुद्रापासून काही किलोमीटर आत उभे आहेत. याउलट माल्टामधील व्हॅलेटा, माँटेनेग्रोमधील कोटोर, क्रोएशियातील स्प्लिट आणि ग्रीसमधील ऱ्होड्स येथे धक्क्यावरून जुन्या तटबंदीपर्यंत चालत जाता येते. डुब्रोव्हनिक मधल्या गटात मोडते. जहाजे सहसा ग्रूझ येथे लागतात आणि जुने शहर तेथून सुमारे ३ किलोमीटरवर आहे.

आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने दूरच्या दोन महानगरांपेक्षा चालत गाठता येणारी चार बंदरे असलेला मार्ग निवडावा. रोम आणि फ्लॉरेन्स ही वेगळ्या सहलीची शहरे आहेत. बसमध्ये तीन-चार तास घालवून त्यांचे ओझरते दर्शन घेण्यात फारसे हशील नाही.

प्रवास जेथून सुरू होतो ते बंदरही नीट वाचावे. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या सेंट मार्क चौकासमोरील पाण्यातून आणि जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी आहे. त्यामुळे जाहिरातीत ‘व्हेनिस’ असले तरी चढण्याची जागा मार्घेरा, ट्रिएस्ट किंवा रावेन्ना असू शकते. चढण्याच्या शहरात आदल्या दिवशीच पोहोचावे, कारण विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

दुसरी पायरी: ऋतू आणि वार

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने या शहरांसाठी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्या तापतात आणि गर्दीही शिगेला पोहोचते. डुब्रोव्हनिकने क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी बोलून एका वेळी येणाऱ्या जहाजांवर मर्यादा घातली आहे, परंतु सर्व बंदरांत अशी शिस्त नाही. म्हणून आपल्या तारखेला त्या बंदरात आणखी किती जहाजे आहेत हे बंदराच्या प्रसिद्ध वेळापत्रकात पाहून ठेवावे.

वारांचे गणित अनेकजण विसरतात. फ्लॉरेन्सचे उफित्सी संग्रहालय सोमवारी बंद असते, इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी, आणि व्हॅलेटाचे सेंट जॉन सह-कॅथेड्रल हे मोठे चर्च रविवारी पर्यटकांसाठी उघडे नसते.

तिसरी पायरी: कागदपत्रे

जहाज एकच असले तरी देश अनेक असतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि तेथे युरो चालतो. माँटेनेग्रोमध्येही युरो चालतो, परंतु तो देश शेंगेनमध्ये नाही. अशा मार्गावर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागत असल्याने व्हिसाची गरज असलेल्या प्रवाशाने अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण असावे लागते. विमा घेताना समुद्रावरील उपचार आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे विचारावे.

केबिनविषयी एवढेच: समुद्र लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात.

चौथी पायरी: प्रत्येक बंदरासाठी एकच मुख्य बेत

एका दिवसात एकच गोष्ट नीट पाहायची ठरवावी आणि उरलेला वेळ गल्ल्यांमध्ये मोकळा सोडावा. डुब्रोव्हनिकमध्ये हा बेत म्हणजे तटबंदी. तिची फेरी सुमारे १,९४० मीटरची असून ती एकाच दिशेने चालावी लागते. वाटेत सावली फारशी नाही, म्हणून जहाजातून उतरल्यावर थेट तेथेच जावे आणि दुपारी खाली येऊन १६६७ च्या भूकंपानंतर उभारलेल्या रेखीव मुख्य रस्त्यावर, स्त्रादूनवर, फिरावे. कोटोरमध्ये सुमारे १,३५० पायऱ्या चढून वरच्या किल्ल्यावर जायचे की खालच्या चौकांमध्ये रमायचे, हे गुडघ्यांना विचारून आदल्या रात्रीच ठरवावे.

व्हॅलेटाची गोष्ट निराळी आहे. येथे दर्शन जहाजावरूनच सुरू होते. १५६५ मध्ये ऑटोमन वेढा परतवल्यानंतर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लष्करी पंथाने, १५६६ मध्ये या शहराची पायाभरणी केली, आणि ते समुद्राकडून येणाऱ्याच्या नजरेचा व तोफांचा हिशेब ठेवून बांधले. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरताना न्याहारी बाजूला ठेवून डेकवर उभे राहावे. दोन्ही बाजूंचे बुरूज कोणत्या वाटेवर नजर ठेवून होते हे तेथूनच उमगते. कोटोरच्या उपसागरातून आत येतानाही पहाटे उठण्याचे असेच सार्थक होते. उतरल्यावर व्हॅलेटात धक्क्याजवळील लिफ्टने अप्पर बराक्का बागेत जाता येते आणि तेथून सह-कॅथेड्रल जवळ आहे. तेथे काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेले सेंट जॉनच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. प्रवेशासाठी खांदे झाकलेले असावेत आणि टोकदार टाचांची पादत्राणे नसावीत.

पाचवी पायरी: जहाजाची सहल की स्वतःची

जहाजाकडून घेतलेली सहल महाग पडते, पण तिची बस उशिरा आली तर जहाज थांबते. स्वतः आखलेल्या सहलीला ही सवलत नाही. म्हणून सरळ नियम ठेवावा: शहर चालत गाठता येत असेल तर स्वतः जावे, वाटेत महामार्ग किंवा रेल्वे असेल आणि वेळ तंग असेल, तर जहाजाच्या सहलीचे जादा पैसे मोजावेत.

सहावी पायरी: बंदराचा प्रत्यक्ष दिवस

उतरण्याआधी घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवावे. ग्रीस हा इटली आणि क्रोएशियापेक्षा एक तास पुढे आहे, आणि मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागला की घोटाळा होतो. परतीची वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणे आहे हे रोजच्या पत्रकात लिहिलेले असते. समुद्रावर असताना मोबाइल विमान-मोडवर ठेवावा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचे भरमसाट बिल येते. सोबत जहाजाचे कार्ड, पासपोर्टची प्रत, थोडी रोख रक्कम आणि त्या बंदरातील जहाज-प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असावा. जहाज चुकलेच तर प्रथम त्याच्याशी संपर्क साधावा. पुढील बंदर गाठण्याचा खर्च मात्र आपलाच.

सँटोरिनीसारख्या ठिकाणी मोठे जहाज समुद्रातच नांगरते आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. तेथून कड्यावरील शहरात जाण्यासाठी केबल कार किंवा ५८८ पायऱ्या असे पर्याय आहेत, आणि केबल कारपुढे रांग लागते. म्हणून परतीला एक तास जादा धरावा. वारा वाढला तर अशी बंदरे सर्वांत आधी रद्द होतात. करारानुसार कंपनीला मार्ग बदलण्याचा अधिकार असतो आणि सहसा केवळ बंदर-शुल्क परत मिळते. त्यामुळे बोटीने उतरावे लागणाऱ्या बंदरासाठी परतावा न मिळणारी तिकिटे आधी काढून ठेवू नयेत.