‘द बिग स्लीप’ न गोंधळता कसा बघावा

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा ‘द बिग स्लीप’ हा हॉलिवूडचा रहस्यपट पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण अर्ध्या तासात एकमेकांना विचारू लागतात, “हा ब्रॉडी कोण? आधी येऊन गेला का?” हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल या नायक-नायिकेकडे बघत राहावं, गोष्टीचा नाद सोडावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. गोष्ट कळते. फक्त कुठे लक्ष द्यायचं आणि कुठे हात टेकायचे, हे आधीच माहीत असावं लागतं. रीगन या माणसाचं शेवटी काय झालं ते मी सांगणार नाही, पण पूर्वार्धातल्या बऱ्याच आणि उत्तरार्धातल्या एखाददोन गोष्टी उघड होतील.

१. आधी योग्य प्रत निवडा

१९४६ साली प्रदर्शित झालेली, कृष्णधवल, ११४ मिनिटांची प्रत घ्या. याच नावाचा १९७८ चाही एक सिनेमा आहे. त्यात रॉबर्ट मिचम आहे आणि कथा चक्क इंग्लंडमध्ये नेली आहे. तो नको. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल्स सुरू ठेवा. इथे माणसं भरभर बोलतात आणि महत्त्वाचं नाव वाक्याच्या शेपटाला येऊन निघून जातं.

२. न दिसणाऱ्या माणसांची नावं कागदावर लिहा

खरा गोंधळ इथे आहे. पडद्यावर दिसणारी माणसं लक्षात राहतात. या सिनेमात मात्र निम्मी गोष्ट न दिसणाऱ्यांबद्दल चालते. म्हणून चार नावं लिहून ठेवा.

शॉन रीगन: म्हाताऱ्या जनरल स्टर्नवुडचा लाडका सोबती, महिन्याभरापूर्वी न सांगता निघून गेलेला.
आर्थर गायगर: दुर्मीळ पुस्तकांचा दुकानदार. दिसतो, पण ओझरता.
ओवेन टेलर: स्टर्नवुडांचा ड्रायव्हर.
मोना: जुगारअड्ड्याचा मालक एडी मार्सची बायको. ती रीगनबरोबर पळाली अशी बोलवा आहे.

बाकीच्यांची काळजी करू नका. ते समोर येतात, बोलतात आणि बहुधा पिस्तूल काढतात.

३. काचघरातला प्रसंग कान देऊन ऐका

खाजगी गुप्तहेर फिलिप मार्लो, म्हणजे बोगार्ट, जनरलला भेटायला येतो. ऑर्किडच्या काचघरात उकाडा इतका की त्याचा शर्ट घामाने भिजतो. पांगळा जनरल स्वतः पिऊ शकत नाही, म्हणून पाहुण्याला ब्रँडी पाजतो आणि त्याला पिताना बघण्यात समाधान मानतो. प्रसंग इतका रंगतो की त्यात सांगितलेली माहिती निसटून जाते. ती अशी: धाकटी मुलगी कारमेन हिच्यावरून पूर्वी जो ब्रॉडी नावाच्या माणसाने ५,००० डॉलर उकळले होते. आता गायगरने तिच्या जुगाराच्या उधारीच्या चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. मार्लोला काम मिळतं ते एवढंच, गायगरला गप्प करायचं.

आता गंमत बघा. काचघरातून बाहेर पडताच थोरली मुलगी व्हिव्हियन, म्हणजे बकॉल, त्याला बोलावून घेते आणि रीगनला शोधायला नेमलंय का, याचा अंदाज घेऊ लागते. ते काम त्याला कुणी दिलेलंच नाही. पुढेही जो भेटतो तो रीगनचा विषय काढतो. कोण किती घाईने काढतो, एवढं टिपत गेलात तरी उत्तरार्ध निम्मा सुटतो.

४. ही दोन प्रकरणं आहेत हे लक्षात ठेवा

सिनेमा रेमंड चँडलरच्या १९३९ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. चँडलरने ती लिहिताना मासिकांत आधी छापून आलेल्या स्वतःच्याच दीर्घकथा मोडून वापरल्या. त्यातल्या मुख्य दोन: एकीत ब्लॅकमेल आणि भर पावसातला खून, दुसरीत बेपत्ता माणूस. दोन जुन्या साड्या जोडून शिवलेल्या गोधडीसारखं हे काम आहे. शिवण कुठे आहे ते कळलं की नक्षी आपोआप उलगडते. पूर्वार्ध गायगरचा, उत्तरार्ध रीगनचा. दोन्हींना बांधणारा धागा म्हणजे स्टर्नवुड घराणं आणि एडी मार्स.

५. पुस्तकांच्या दुकानात न सांगितलेलं ऐका

मार्लो हॅटची कड वर दुमडतो, काळा चष्मा चढवतो आणि किरट्या आवाजात गायगरच्या दुकानात ‘बेन-हर’ची १८६० ची तिसरी आवृत्ती मागतो, पान ११६ वर एक ओळ दोनदा छापलेली. काउंटरवरची अ‍ॅग्नेस “नाही” म्हणून मोकळी होते. समोरच्या दुकानातली मुलगी (डोरोथी मलोन) मात्र संदर्भग्रंथ चाळून सांगते की असं पुस्तकच नाही. बरोबरच आहे, ती कादंबरी मुळात १८८० साली आली. म्हणजे पहिलं दुकान पुस्तकांचं नव्हेच.

मग कशाचं? ते सिनेमा सांगत नाही. कादंबरीत गायगर अश्लील पुस्तकं भाड्याने देतो. त्या काळी हॉलिवूडला निर्मिती संहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याच्या नियमांचा, जाच होता. असला धंदा दाखवणं सोडा, त्याचं नाव घ्यायचीही सोय नव्हती. गायगर आणि कॅरल लंडग्रेन या तरुणाचं नातंही असंच गाळलं गेलं. त्यामुळे लंडग्रेन एवढा पेटून का उठतो हे नुसत्या सिनेमावरून कळत नाही. त्याचं गायगरवर प्रेम आहे, हे धरून चाला. गायगरच्या घरात कारमेन गुंगीत सापडते तेव्हाही तेच. सिनेमात ती चिनी पोशाखात दिसते, कादंबरीत ती नग्न असते. म्हणून तिथल्या एका मूर्तीत दडवलेल्या कॅमेऱ्यातली फिल्म एवढी मोलाची.

६. प्रेतं मोजू नका, फिल्मच्या मागे जा

पूर्वार्धात तीन जण मरतात. कोणी कोणाला मारलं हे जुळवत बसलात तर थकाल. त्यापेक्षा ती फिल्म आत्ता कोणाकडे आहे, एवढंच विचारत राहा. गायगरच्या कॅमेऱ्यातून ती ड्रायव्हर टेलर काढून नेतो. त्याचा कारमेनवर जीव असतो आणि गायगरला मारणाराही तोच. टेलरच्या डोक्यात हाणून ब्रॉडी ती पळवतो. ब्रॉडीच्या फ्लॅटमधून मार्लो ती परत मिळवतो. आणि गायगरला ब्रॉडीनेच मारलं, अशा समजुतीने लंडग्रेन ब्रॉडीला गोळी घालतो. झालं, पूर्वार्ध सुटला.

मार्लो जवळपास प्रत्येक प्रसंगात हजर असतो. त्याला ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे आपल्याकडून काही निसटलं असेल ही धास्ती नको. बोगार्ट अधूनमधून कानाची पाळी ओढतो, तेव्हा त्याचंही डोकं चाललेलं असतं.

७. ड्रायव्हरच्या मरणावर डोकं खपवू नका

टेलरची गाडी लिडो धक्क्याजवळ समुद्रात सापडते, तो आत मेलेला. खून, आत्महत्या की अपघात? चित्रीकरणाच्या वेळी हा प्रश्न निघाला तेव्हा थेट चँडलरला तार करून विचारलं गेलं. त्यालाही माहीत नव्हतं. पुढे त्यानेच एका पत्रात ही हकीकत लिहिली आहे. पटकथेला तिघे होते: विल्यम फॉकनर, ली ब्रॅकेट आणि ज्यूल्स फर्थमन. फॉकनरला नंतर नोबेल मिळालं, तरी टेलरचा निकाल काही लागला नाही. तुम्हीही सोडून द्या.

८. मध्यंतर स्वतः घ्या

हॉलिवूडच्या सिनेमाला मध्यंतर नसतं, पण आपल्याला सवय आहे. लंडग्रेन ताब्यात आला की थांबा आणि चहा टाका. कागदावरच्या गायगर आणि टेलरवर काट मारा. उरले रीगन आणि मोना. उत्तरार्धात प्रश्न एकच: ते दोघं कुठे आहेत, आणि एडी मार्सने व्हिव्हियनला कशात अडकवलंय?

चहानंतर लगेच बोगार्ट-बकॉल रेस्तराँमध्ये घोड्यांच्या शर्यतीबद्दल बोलतात. त्यात कथेचं काहीही नाही आणि घोड्यांचंही फारसं नाही. निवांत बघा.

९. हॅरी जोन्सपाशी थांबा

अ‍ॅग्नेसवर भाळलेला हा बुटका माणूस (एलिशा कुक ज्युनियर) उत्तरार्धात येतो, मोनाचा ठावठिकाणा २०० डॉलरला विकायला. मार्सचा मारेकरी कॅनिनो त्याला गाठतो. मार्लो शेजारच्या खोलीत अंधारात उभा राहून सगळं ऐकतो. कॅनिनो हसतखेळत पेला पुढे करतो, पेल्यात विष असतं. अ‍ॅग्नेसचा पत्ता मात्र जोन्स खोटाच देऊन मरतो. अख्ख्या सिनेमात निखळ चांगली वागलेली माणसं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील, त्यात हा पहिला. मार्लो इथून पुढे पैशासाठी काम करत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

१०. दुसऱ्यांदा १९४५ ची प्रत बघा

सिनेमा १९४५ मध्येच तयार होता आणि परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलाही गेला होता. युद्ध संपत आल्यामुळे वॉर्नर कंपनीने आधी युद्धपट खपवून घेतले. दरम्यान बकॉलच्या दुसऱ्या एका सिनेमावर टीकाकार तुटून पडले, तिच्या एजंटने जॅक वॉर्नरला पत्र लिहून तिला जास्त खुलणारे प्रसंग मागितले आणि १९४६ च्या जानेवारीत नव्याने चित्रीकरण झालं. घोड्यांचा संवाद तेव्हाचा. त्यासाठी जागा करताना काय कापलं? सरकारी वकिलाच्या कचेरीतला प्रसंग, ज्यात मार्लो तोवरचा सगळा घटनाक्रम नीट समजावून सांगतो.

जुनी प्रत १९९७ मध्ये पुन्हा प्रकाशात आली. रहस्यकथा वाचून वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो कचेरीतला प्रसंग हवाहवासा वाटेल. एकदा जरूर बघा. सगळं स्वच्छ कळतं, आणि सिनेमा चांगलाच रेंगाळतो.