बदली, प्रतिनियुक्ती की उचलबांगडी? कुठे कोणता शब्द लिहायचा

आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या बघणाऱ्या टेबलावर, बसून अर्ज वाचताना एक गोष्ट कायम दिसते, माणूस इकडून तिकडे चाललाय एवढं कळतं पण कसा चाललाय ते कळत नाही, कारण सगळ्यांच्या हाताशी बदली हा एकच शब्द. म्हणून अर्ज असो, बातमी असो की इंग्रजी ऑर्डरचं मराठी, लिहिण्याआधी बघायचं की मूळ पद कुठे राहिलं आणि पगार कोण काढणार. तेवढं कळलं की निम्मं काम झालं.

जुनं पद सुटलं आणि दुसरीकडे त्याच दर्जाचं मिळालं तर ती बदली. महाराष्ट्रात यासाठी 2005 चा बदल्यांचा अधिनियम आहे, साधारण 3 वर्षांचा कार्यकाळ आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये. त्यातही विनंती बदली की प्रशासकीय बदली हे स्पष्ट लिहा, स्वतःच्या विनंतीने गेलात तर बदलीचा प्रवासभत्ता मिळत नाही, मग नंतर येऊन भांडू नका.

मूळ पद तसंच ठेवून माणूस ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या खात्यात किंवा महामंडळात गेला तर प्रतिनियुक्ती, बोलताना डेप्युटेशन. मूळ पदावरचा हक्क म्हणजे धारणाधिकार, तो शाबूत असतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मसुद्यात बदलीच्या जागी प्रतिनियुक्ती टाईप केलं होतं आणि तो बिचारा माणूस दोन वर्षांत परत येतो असं घरी सांगून मोकळा, साहेबांनी मला जे सुनावलं ते अजून आठवतं. पगार शासनाबाहेरची संस्था देणार असेल तर नियमांत त्याला स्वीयेतर सेवा म्हणतात, हा शब्द बोलताना कोणी वापरत नाही पण आदेशात दिसला तर घाबरू नका.

सगळ्यात घोळ 'अतिरिक्त' या शब्दाचा. अतिरिक्त शिक्षक म्हणजे संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवतात त्यात) जागा कमी झाल्यामुळे जास्तीचा ठरलेला, त्याला दुसऱ्या शाळेत जागा दिली की ते समायोजन. अतिरिक्त कार्यभार म्हणजे स्वतःचं टेबल सांभाळून दुसऱ्याचंही टेबल. आणि महापालिकेतला अतिरिक्त आयुक्त म्हणजे चांगला मोठा अधिकारी, त्याला कोणी जास्तीचा समजू नये! महसुलात हा गोंधळ नाही, तिथे सरळ अपर जिल्हाधिकारी म्हणतात.

कंपनीवाले रिडिप्लॉयमेंटचं मराठी फेरनियुक्ती करतात, ते चूक. फेरनियुक्ती म्हणजे नेमणूक संपलेल्याला पुन्हा नेमणं. माणूस नोकरीतच आहे, फक्त काम बदललं, तर "दुसऱ्या कामावर नेमलं" असं साधं लिहा, पोलीस वगैरे असतील तर फेरतैनाती.

बातमीत मात्र शब्दाला चव असते. अनेक अधिकारी एकदम हलले की खांदेपालट, नको असलेल्याला तडकाफडकी हलवलं की उचलबांगडी. उचलबांगडी लिहिलं म्हणजे तुम्ही बाजू घेतली, कारण माहीत नसेल तर बदलीच लिहा.

पैशाचंही तसंच. निधी दुसऱ्या कार्यालयाकडे दिला की वर्ग केला. मंजूर रक्कम एका लेखाशीर्षातून (खर्चाच्या ठरलेल्या सदरातून) दुसऱ्यात नेली तर पुनर्विनियोजन, ते अर्थसंकल्पातल्या एकाच मागणीच्या आत आणि 31 मार्चच्या आत, मागणीबाहेरचा जास्तीचा पैसा हवा तर पुरवणी मागणी घेऊन विधिमंडळात जावं लागतं. "निधी वळवला" लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी भानगड आहे.

आणि हो, गिरणगावात बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हेच, बदली कामगार म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर उभा राहणारा. 1982 च्या संपात या बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होती. 1947 च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरातसुद्धा बदली हाच शब्द होता, त्यामुळे जुने कागद भाषांतर करताना जपून.

शेवटी कागद दोन, जुन्या ऑफिसातून कार्यमुक्त, नव्या ऑफिसात रुजू. रुजू अहवालात तारखेपुढे म.पू. की म.नं. म्हणजे दुपारच्या आधी की नंतर ते टाकायला विसरू नका, नाहीतर त्या एका दिवसाच्या पगारासाठी दोन्ही ऑफिसं एकमेकांना पत्रं लिहीत बसतात.